मोटारहोममधला जावई

कल्पना मेहुण्याची. तो नॉर्वेत ट्रॉनहाइमला राहतो, पण हॉटेलचं दरपत्रक पाहिलं की त्याच्यातला डोंबिवलीकर जागा होतो. "भावजी, उत्तरेतल्या लोफोटेन बेटांवर मोटारहोमने जाऊ. स्वयंपाक गाडीत, झोपणं गाडीत, सगळं गाडीत!"

या 'सगळं'मध्ये संडासही होता.

त्याच्या खाली प्लास्टिकची पेटी असते, 18-20 लिटरची. ती भरत आली की लाल दिवा लागतो. मेहुणा गाडी चालवणार, बायको नकाशा बघणार, सासूबाई भात लावणार आणि सासरे तर वडीलधारे. मग दिवा लागला की चौघंही प्रेमाने माझ्याकडे बघायची. बाहेरून झाकण उघडून पेटी ओढायची, दांडा वर करायचा आणि विमानतळावर निघाल्यासारखं ती चाकांवर ढकलत ठरलेल्या जागी न्यायची. तिथे रांग असते. माझ्या पुढे इस्त्रीच्या शर्टातले एक जर्मन आजोबा होते. हवेवर बोललो, रस्त्यांवर बोललो, हातात काय आहे त्यावर मात्र दोघांनीही अवाक्षर काढलं नाही. लग्नात माझे पाय धुतले होते हो या लोकांनी!

बाकी लोफोटेनला तोड नाही. समुद्रातून सरळ उभे राहिलेले काळे डोंगर, त्यांच्या पायथ्याशी खांबांवरची लाल लाकडी घरं. पूर्वी हंगामाला आलेले मच्छीमार त्यांत राहायचे, आता पर्यटक राहतात. आम्ही सोडून. ई-10 हा मोठा रस्ता बरा, पण गावाकडे वळलं की एका गाडीपुरती वाट. मध्येमध्ये निळ्या पाटीवर पांढरा 'एम', म्हणजे समोरच्याला इथे वाट द्या. हेनिंग्सव्हेरच्या वाटेवर सासूबाईंची अख्खी रामरक्षा म्हणून झाली.

जूनच्या सुरुवातीला तिथे सूर्य मावळतच नाही. सासूबाईंचा नियम, दिवेलागण झाल्याशिवाय जेवण नाही. "आई, इथे दिवेलागण जुलैच्या मध्यानंतर," मेहुणा म्हणाला. शेवटी घड्याळाचे सात ही तिन्हीसांज ठरली. पहिल्याच उदबत्तीला छतावरचा धुराचा भोंगा असा केकाटला की शेजारच्या गाडीतलं जोडपं पायजम्यात बाहेर आलं.

खरे खूश होते ते सासरे. ते मूळचे अर्नाळ्याचे, बोंबील सुकवायच्या वलांडी बघत वाढलेले. इथेही मैदानभर लाकडी मांडव. हिवाळ्यात बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला आलेला कॉड मासा धरतात, शेपटीला शेपूट बांधून जोडीने टांगतात. मिठाचा कण नाही, थंडी आणि वारा काय ते काम करतात. फेब्रुवारीपासून टांगलेला माल बहुतेक उतरवून झाला होता, पण एका मांडवावर थोडा शिल्लक होता. सासऱ्यांनी त्यातला एक बोटाने वाजवून पाहिला. टकटक. दारच जणू! "आणि मुंडकी?" त्यांनी विचारलं. ती वेगळी सुकवून नायजेरियाला जातात आणि मासा मुख्यतः इटलीला, असं कळल्यावर ते हळहळले. "म्हणजे डोकं आफ्रिकेत, धड युरोपात. आणि इथल्या माणसांनी काय खायचं?"

नंतर ते एकटेच दुकानात जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी गाडीत वास सुटला. मोस्केनेसच्या बोटीच्या रांगेत सासूबाईंनी पदर नाकाला लावला. "जावईबापू, पेटी नीट धुतली नाहीत वाटतं."

मी ती दोनदा धुतली होती. तसं सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, मग तिसऱ्यांदा धुवा ना." मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते दोन्ही पाय आसनाखालच्या एका पिशवीवर घट्ट रोवून बसले होते आणि समोरचा डोंगर किती देखणा आहे ते मेहुण्याला तपशीलवार सांगत होते.

मी हातमोजे घातले.