जपानी मातीच्या किटलीत ऊलाँग होतो, आणि छान होतो

सध्या एक मेसेज सारखा फिरतोय, की ऊलाँगसाठी (ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधला चहा) चीनच्या यिशिंगचीच मातीची किटली हवी, जपानी किटली फक्त ग्रीन टीची, तिच्यात उकळतं पाणी ओतलं की ती तडकते, आणि अस्सल मातीत चव इतकी मुरते की काही वर्षांनी नुसतं गरम पाणी ओतलं तरी चहा होतो. हे वाचून लोक चांगल्या किटल्या हातच्या घालवतायत म्हणून लिहितोय.

आधी तडकण्याचं बघू. जपानमधल्या तोकोनामे शहराची मातीची किटली भट्टीत ११०० अंशांच्या आसपास भाजून निघालेली असते, तिला १०० अंशांच्या पाण्याचं काय होणार? जपानी लोक होजिचा, म्हणजे भाजलेल्या पत्तीचा चहा, उकळत्या पाण्यातच करतात की. थंडीत गारठलेली किटली आधी कोमट पाण्यानं विसळून घ्या, बास.

चव मुरण्याचं म्हणाल तर आपला माठ पाझरतो कारण तो कमी आचेवर भाजलेला असतो, ही माती तशी नाही, भाजून घट्ट झालेली असते. आत डाग चढतो, थोडा वास राहतो, पण चहा पत्तीतूनच येतो. साबण लावू नका आणि झाकण काढून वाळवा.

आता "जपानी म्हणजे ग्रीन टी". १८७८ मधे जिन शिहेंग नावाचा चिनी कारागीर तोकोनामेला आला आणि त्यानं तिथल्या लोकांना यिशिंगची पद्धत शिकवली, त्यामुळे ही दोन घराणी इतकी परकी नाहीत. माती वेगळी आहे, हे मान्य. पण ऊलाँगला खरा फरक पडतो तो आकारानं, मापानं आणि तोटीनं, आणि नेमकं हेच त्या मेसेजमधे कुठेच नाही!

तैवानचा दोंग दिंग किंवा चीनच्या आनशीचा तिएग्वानयिन हे ऊलाँग गोळ्या वळलेले असतात, तळाशी जेमतेम थर दिसतो आणि त्याच पत्तीवर दोन-तीनदा पाणी ओतलं की पानं उलगडून किटली झाकणापर्यंत भरते, म्हणून पोट गोल आणि मोकळं हवं. बसकी चपटी किटली सेंचासाठी, म्हणजे जपानच्या नेहमीच्या ग्रीन टीसाठी, बरी, इथे नको. चीनच्या वुयी डोंगरातल्या ऊलाँगची लांब पानं असतील तर तोंड रुंद बघा, नाहीतर पत्ती आत घालताना मोडते. माप १०० ते १५० मिली, ३०० ची घेतलीत तर एवढी पत्ती लागेल की दोघांना संपणार नाही.

जाळीबद्दल पण चुकीचं सांगतात. स्टीलची बारीक जाळी लागते ती फुकामुशी, म्हणजे जास्त वाफवलेल्या, सेंचाला, कारण त्यात चुरा फार असतो. ऊलाँगची पानं अख्खी असतात, आतल्या बाजूला मातीचीच भोकं पाडलेली असली तरी अडकत नाहीत आणि धार मोकळी पडते. धारेला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो, कारण पत्ती २०-३० सेकंदच भिजवायची असते, त्यात ओतायलाच आणखी २० सेकंद गेली तर शेवटचा कप कडू होणारच, त्यामुळे शक्य असेल तर दुकानातच पाणी भरून ओतून बघा, धार तुटते का, झाकणाखालून गळतं का.

एक जपानी प्रकार मात्र ऊलाँगला खरंच नको, तो म्हणजे बिनमुठीचा होहिन. तो ग्योकुरोसाठी (सावलीत वाढवलेला ग्रीन टी), ५०-६० अंशांच्या पाण्यासाठी असतो, उकळतं पाणी घातलं तर बोटं भाजतील. बाजूला दांडा असलेली क्यूसू, म्हणजे जपानी चहाची किटली, घ्या, वाफेपासून हात लांब राहतो.