बस्टेड, मामा!

भाच्याला गाडीत शेजारच्या सीटवर बसवून नाशिकचं द्वारका सर्कल पार करणं ही शिक्षा कुठल्याच कलमात बसत नाही, पण असायला हवी. पोरगा सातवीत, २००५ चा 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वाँटेड' हा गेम त्याला कुठून सापडला देव जाणे, आणि तेव्हापासून पोलिसांनी पळणारी गाडी कशी अडवावी यावर त्याचं अखंड प्रवचन सुरू आहे.

सारडा सर्कलपासूनच सुरुवात. "मामा, पीआयटी मारायचा का त्याला?" म्हणजे काय तर आपल्या गाडीचा पुढचा कोपरा समोरच्याच्या मागच्या चाकाशेजारी न्यायचा, हळूच टेकवायचा आणि स्टेअरिंग त्याच्याकडे वळवायचं, की त्याची मागची चाकं घसरतात आणि गाडी गरकन फिरते. आदळायचं नाही, ढकलायचं, यावर तो फार कडक आहे. मी म्हटलं बाबा रे, अमेरिकेतली बरीच पोलीस खाती ताशी ३५ मैलांच्या, म्हणजे आपल्या साधारण ५५ किलोमीटरच्या वर हे करू देत नाहीत. तर म्हणे, "मग आपल्याला चालेल की, आपण ८ वर आहोत."

गेममध्ये उलटलेली गाडी लगेच सरळ होते हो. अमेरिकेतल्या जॉर्जियात २००१ साली एका पाठलागात पोलिसाने पीआयटीची परवानगी मागितली, मिळाली, पण वेग फार म्हणून सरळ मागून ठोकलं, तर पळणारा १९ वर्षांचा पोरगा कायमचा लुळा झाला. २००७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ असा पोलिसाच्या बाजूने निकाल दिला. हे सांगितल्यावर साहेब अर्धा सिग्नल गप्प होते.

मग द्वारका आलं. वर उड्डाणपुलावरून हायवेच्या गाड्या सुसाट आणि खाली आम्ही. समोर सिटी बस, उजवीकडे टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेला छोटा हत्ती, मागे हॉर्नवर हात विसरलेला कोणीतरी, आणि डावीकडून एका रिक्षावाल्याने नुसता पाय बाहेर काढून इंडिकेटर दिला आणि पुढचं चाक माझ्या बंपरला असं लावलं की मधे पोस्टकार्ड जाणार नाही. ब्रिटनचे पोलीस हेच करतात, चारी बाजूंनी घेरून सगळ्यांनी मिळून वेग कमी करत आणायचा, पण त्यांना त्यासाठी खास ट्रेनिंग लागतं, वायरलेसवर एकमेकांशी बोलावं लागतं. इथे कोणी कोणाशी बोललं नाही. शिव्या सोडल्या तर.

"बस्टेड, मामा!" गेममध्ये पोलिसांनी पकडलं की येतं तसं भाचा टाळ्या वाजवत ओरडला, आणि मी अडवायच्या आत काच खाली करून रिक्षावाल्याला विचारलं, "काका, तुम्ही हे कुठे शिकलात?"

"शालिमारला," तो म्हणाला. "आता मामाला सांग जरा मागं घ्यायला, माझं पॅसेंजर उतरतंय."