लाल दिवा, सहा सिटिंग आणि सुटलेला ताबा

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. सारांश असा: "शौचावर ताबा राहत नाही? ऑपरेशन नको, डायपर नको. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली प्रकाशचिकित्सा. सहा सिटिंगमध्ये सैल स्नायू घट्ट. दहापैकी सात रुग्ण बरे. एफडीए मान्य. साइड इफेक्ट शून्य." खाली, आजच बुकिंग केल्यास सवलत. हा त्रास असलेली माणसं घरातही त्याबद्दल बोलत नाहीत. त्यामुळे असा मेसेज कुणाला न विचारता, न दाखवता थेट क्लिनिकपर्यंत नेतो. म्हणून एकेक दावा घेऊ.

"ऑस्ट्रेलियात सिद्ध झालं." ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या गटाने २०१८ मध्ये मोठ्या आतड्यावर प्रकाशाचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला, हे खरं. पण तो उंदरांवरचा होता. त्या उंदरांच्या आतड्यातल्या ठरावीक चेतापेशींमध्ये, मुळात शेवाळात सापडणारं एक प्रकाशसंवेदी प्रथिन जनुकबदलाने आणलेलं होतं. निळा प्रकाश पडला की त्या पेशी जाग्या होतात आणि आतडं आकुंचन पावतं. याला ऑप्टोजेनेटिक्स म्हणतात. आपल्या पेशींमध्ये ते प्रथिन नाही, त्यामुळे तोच निळा दिवा आपल्या पोटावर धरला तर फक्त पोट निळं दिसेल. शिवाय त्या प्रयोगात प्रकाशाने आतडं पुढे ढकलायला लागलं. म्हणजे तो वळतो बद्धकोष्ठाच्या उपायाकडे. ज्याचं शौच थांबत नाही, त्याला आतडं आणखी जोरात ढकलणारा प्रयोग दाखवून बुकिंग घ्यायचं, ही कमालच.

क्लिनिकमधला दिवा वेगळा. तो लाल (साधारण ६३० ते ६८० नॅनोमीटर) किंवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (८०० ते ९०० च्या आसपास) असतो. पद्धतीचं नाव फोटोबायोमॉड्युलेशन, म्हणजे प्रकाशाने पेशींच्या कामात बदल घडवणं. तिची सुरुवात १९६७ मध्ये बुडापेस्टला एंड्रे मेस्टर यांनी केलेल्या उंदरांवरच्या प्रयोगांपासून मानतात. ती थोतांड नाही. कर्करोगाच्या उपचारात तोंड सोलवटतं, ते टाळण्यासाठी ती आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. पण तोंडाची त्वचा वरवरची, आणि प्रश्नही वरवरच्या जखमेचा. एका आजारातलं यश दुसऱ्या आजाराच्या खात्यावर जमा होत नाही.

"सैल स्नायू घट्ट." इथे थोडं थांबू, कारण लोक नेमके इथेच फसतात. शौच धरून ठेवण्याचं काम एकटा स्नायू करत नाही. आतला गोल स्नायू आपोआप आवळलेला असतो आणि विश्रांतीतला बराचसा दाब तोच देतो. बाहेरचा स्नायू आपण मुद्दाम आवळतो. त्याच्या वर गुदाशयाला (मल साठतो तो आतड्याचा शेवटचा भाग) पुढे ओढून कोन करणारा स्नायूचा पट्टा. मग गुदाशयाची जाणीव, त्याची साठवण्याची क्षमता, कमरेच्या खालच्या मणक्यांतून येणाऱ्या नसा आणि शेवटी मल किती पातळ आहे हे. बाळंतपणात फाटलेला स्नायू, भगंदराच्या ऑपरेशनात कापला गेलेला स्नायू, मधुमेहाने थकलेल्या नसा, मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या औषधाने होणारे पातळ जुलाब, रेडिएशनने ताठर झालेला गुदाशय, म्हातारपणी आत साचलेल्या घट्ट मलाच्या कडेने झिरपणारं पाणी: तक्रार एकच, कारणं सहा. शेवटच्या प्रकारात तर मूळ रोग बद्धकोष्ठ असतो.

प्रकाश तिथवर पोचतो का? बाहेरून त्वचेवर धरला तर दर काही मिलिमीटरला त्याची तीव्रता निम्म्याहून जास्त घटते. सेंटिमीटरभर आत फारच थोडा उरतो आणि गुदमार्ग तीन-चार सेंटिमीटर लांब असतो. दावेदारांना एक मुद्दा द्यायलाच हवा: आत घालायचा प्रोब असेल तर आतला स्नायू, जो जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाड असतो, प्रकाशाच्या टप्प्यात येतो. पण पोचणं म्हणजे दुरुस्त करणं नव्हे. आतून केलेल्या सोनोग्राफीत हा स्नायू काळ्या कड्यासारखा दिसतो. बाळंतपणात फाटलेला असेल तर कड्याची पुढची बाजू, घड्याळाच्या साधारण दहा ते दोन या भागात, तुटलेली दिसते. टोकं मागे सरकलेली, मध्ये व्रण. ही फट प्रकाशाने शिवली जात नाही.

"दहापैकी सात बरे." हा सगळ्यात मोहक आकडा, आणि सगळ्यात पोकळ. या आजारात खोट्या उपचारानेही पुष्कळ लोकांना बरं वाटतं. किती, ते मोजलेलं आहे. गुदमार्गात जेल टोचण्याच्या २०११ च्या चाचणीत २०६ रुग्ण होते. गळतीचे प्रसंग निम्म्यावर आले अशांचं प्रमाण खऱ्या जेलच्या गटात ५२ टक्के, नुसती सुई टोचलेल्यांत ३१ टक्के. घोट्याजवळच्या नसेला विजेचे सौम्य झटके देण्याच्या २०१५ च्या ब्रिटिश चाचणीत २२७ रुग्ण होते. खऱ्या गटात ३८ टक्के, खोट्या गटात पुन्हा ३१. तो फरक योगायोगापलीकडचा ठरला नाही. म्हणजे बंद मशीन लावलं तरी दहातल्या तिघांची गळती निम्म्यावर येऊ शकते. त्यात माणूस डॉक्टरकडे येतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात. पुढचा आठवडा तसाही बरा जाणार. आणि "सात" मोजले कसे? फोनवर "आता बरं वाटतंय ना?" असं विचारून मोजले असतील, तर ते रुग्णाच्या सौजन्याचं मोजमाप झालं.

मग खरी चाचणी कशी करायची? आधी दोन आठवडे रोजची वही: किती वेळा गळती, घट्ट की पातळ, घाईची कळ किती वेळा, पॅड किती. सोबत गळतीची तीव्रता मोजणारा वेक्सनर गुणांक, पाच प्रश्न, एकूण २०. इसबगोल, लोपेरामाइड (जुलाब थांबवणारं औषध), मेटफॉर्मिन यांचा डोस पूर्ण काळ तोच ठेवायचा, नाहीतर श्रेय कुणाचं हे कळणार नाही. मग चिठ्ठीने दोन गट. अवरक्त प्रकाशात एक सोय आहे: तो दिसतच नाही. म्हणून खोटा प्रोब बनवणं सोपं. तोच आवाज, तोच निशाणीचा लाल ठिपका, प्रकाश देणारा डायोड मात्र बंद. ऊब जाणवून गुपित फुटू शकतं, म्हणून खोट्यालाही किंचित ऊब द्यावी लागते. १०० मिलिवॉटचा प्रोब ४० सेकंद चालला तर ४ ज्यूल. हा आकडा पॉवर मीटरने तपासायचा, कारण डायोड जुना झाला की ताकद उतरते आणि प्रोबवरच्या आवरणातही थोडा प्रकाश अडतो. जास्त वेळ दिला म्हणजे जास्त गुण, असंही नाही. ठरावीक मात्रेपुढे परिणाम उलट घटताना दिसतो. वही तपासणाऱ्याला गट माहीत नसावा. आणि खोट्या गटात ३१ टक्के धरून खऱ्यात ५० ची आशा असेल, तर दर गटात साधारण शंभर माणसं लागतात. वीस जणांवर काहीही सिद्ध करता येतं.

"एफडीए मान्य." एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना परवानगी देणारी अमेरिकेची सरकारी संस्था. एखादं यंत्र स्नायूंच्या तात्पुरत्या दुखण्यासाठी विकायला परवानगी मिळणं आणि शौचावरचा ताबा परत आणतं हे मान्य होणं, यात ठाणे-पनवेलएवढं अंतर आहे. उलट त्याच एफडीएने जुलै २०१८ मध्ये योनीमार्गात लेझर वापरून लघवीची गळती वगैरे बरी करण्याच्या जाहिरातींविरुद्ध इशारा दिला होता. ते लेझर तापवणारे, लाल दिव्याहून वेगळे. जाहिरातीची चाल मात्र तीच.

"साइड इफेक्ट शून्य." संरक्षक चष्मा न घालता लेझर वापरला तर डोळ्याला धोका आहे. पण खरा धोका वाया जाणाऱ्या वेळेचा. शौचातून रक्त, वजन उतरणं, चाळिशी-पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय असेल तर आधी बोटाने तपासणी आणि कोलोनोस्कोपी. बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडकणं आणि पायात कमजोरी एकदम आली, तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत.

आणि "डायपर किंवा ऑपरेशन" एवढेच पर्याय, हेही खोटं. मल घट्ट करणारं इसबगोल, डॉक्टरांच्या सल्ल्याने लोपेरामाइड (२ मिलिग्रॅमची गोळी, रक्त किंवा ताप असेल तर नाही), ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम: पाच सेकंद आवळून सोडणं, दहादा, दिवसातून तीन वेळा, निदान बारा आठवडे. आवळताना पोट आणि ढुंगण घट्ट होत असेल तर चुकतंय. बायोफीडबॅकमध्ये, म्हणजे स्नायूचं काम यंत्राने मोजत व्यायाम शिकवण्याच्या पद्धतीत, ते पडद्यावर दिसतं. लोकलमध्ये शौचालय नसतं, त्यामुळे ठाणे-वाशी प्रवास असेल तर सकाळचा चहा निघायच्या तासभर आधी घ्या, कारण चहा-नाश्त्यानंतर थोड्याच वेळात आतडं जागं होतं. धुतल्यावर टिपून कोरडं करा, मग झिंकचं मलम. सुगंधी वाइप्स नकोत.

तरीही क्लिनिकला फोन करणार असाल तर विचारा: तरंगलांबी किती, मिलिवॉट किती, सोनोग्राफी आधी करणार का? आणि "आमची चाचणी चालू आहे" असं उत्तर आलं तर सीटीआरआयचा (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. त्या चाचणीत प्रयोगाच्या उपचाराचे पैसे तुमच्याकडून घ्यायचे नसतात. पॅकेजवर सवलत देण्याचा प्रश्नच येत नाही.