कोरेया, मॅकलर्स आणि एकच पिशवी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ह्यूस्टन ॲस्ट्रोज या अमेरिकन बेसबॉल संघाच्या २०१२च्या ड्राफ्टवरच्या (म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्यावरच्या) माझ्या लेखाला तुमचे तीन आक्षेप आहेत. बायरन बक्स्टनसारखा खेळाडू समोर असताना त्यांनी स्वस्तात मिळाला म्हणून कार्लोस कोरेया घेतला, हा निव्वळ चिंगूसपणा. पुढच्या दोन वर्षांचे पहिले पिक, म्हणजे सर्वांत आधी निवडायचे हक्क, वाया गेले, त्यावर मी गप्प. आणि लबाडी करून जिंकलेल्या संघाचं एवढं कौतुक कशाला? पहिला आक्षेप मला मुळीच पटत नाही. दुसऱ्यातला एक भाग मात्र जिव्हारी लागला, कारण तो खरा आहे.

आधी पैशांचं. आपल्या डोक्यात आयपीएलचा लिलाव असतो, म्हणून घोटाळा होतो. इथे बोली लागत नाही. तेव्हा सर्वांत जास्त हरणाऱ्या संघाचा नंबर आधी असायचा, आणि निवडलेला मुलगा ‘मला नको, मी कॉलेजात जातो’ असं सरळ सांगू शकतो. २०१२पासून नियम असा आला की पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक पिकला ठरावीक रक्कम, आणि या सगळ्या रकमांची मिळून संघाला एकच पिशवी. त्या वर्षी ॲस्ट्रोजची पिशवी होती सुमारे १ कोटी १२ लाख डॉलरची. ५ टक्क्यांहून जास्त ओलांडली की पुढच्या वर्षीचं पहिल्या फेरीचं पिक गेलं.

आता हिशेब बघा. पहिल्या पिकचे ७२ लाख होते, कोरेया ४८ लाखांत तयार झाला. उरलेले २४ लाख मालकाने खिशात घातले असते तर तुमच्या शब्दाला मी मान डोलावली असती. पण ते गेले ४१व्या क्रमांकावरच्या लान्स मॅकलर्स या पिचरकडे (चेंडू टाकणाऱ्याकडे). त्याचं कॉलेज ठरलेलं होतं, त्या जागेच्या साडेबारा लाखांत तो आला नसता; त्याला २५ लाख दिले. चौथ्या फेरीतल्या रिओ रुईझला साडेअठरा लाख. बक्स्टनने दुसऱ्या क्रमांकावर मिनेसोटा ट्विन्स संघाकडून ६० लाख घेतले. पहिला घेतला असता तर तो त्याहून स्वस्तात आला असता असं मला वाटत नाही. म्हणजे तुलना बक्स्टन विरुद्ध कोरेया अशी करताच येत नाही. एका बाजूला बक्स्टन, दुसऱ्या बाजूला कोरेया, मॅकलर्स आणि रुईझ. रुईझ ह्यूस्टनला कधी खेळला नाही, पण त्याला देऊन केलेल्या सौद्यात इव्हान गॅटिस हा फलंदाज आला.

मॅकलर्सचं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. २१ ऑक्टोबर २०१७, न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना. नऊपैकी शेवटच्या चार इनिंग त्याने टाकल्या आणि त्यातले शेवटचे २४ चेंडू सगळेच्या सगळे कर्व्हबॉल, म्हणजे ऐनवेळी खाली वळणारे. समोरच्याला कळलेलं असायचं की पुन्हा तोच येणार, तरी फलंदाजासमोरच्या प्लेटपाशी चेंडू खाली पडायचा आणि बॅट वरून जायची.

लबाडीबद्दल, म्हणजे समोरच्या संघाचे इशारे चोरून आपल्या फलंदाजाला पुढचा चेंडू कळवण्याबद्दल, दुमत नाही. शिक्षाही ड्राफ्टवरच आली : २०२० आणि २०२१चे पहिल्या दोन फेऱ्यांचे पिक काढून घेतले, ५० लाखांचा दंड वेगळा. २०१७चं विजेतेपद मी ड्राफ्टचा पुरावा म्हणून मांडलं ते चुकलंच. पण कोरेया सर्वोत्तम नवोदित ठरला तो २०१५मध्ये, आणि ते २४ कर्व्हबॉल टाकायला कोणाचे इशारे चोरावे लागत नाहीत.

२०१३च्या पहिल्या पिकवर घेतलेला मार्क अपेल ही निवड चुकली, त्यात सारवासारव नको. पुढच्याच नंबरवर शिकागो कब्ज या संघाने क्रिस ब्रायंट नेला.

राहिला २०१४, आणि इथे तुम्ही बरोबर आहात. त्या वर्षीच्या पहिल्या पिकवर घेतलेल्या ब्रेडी एकनशी ६५ लाखांवर बोलणं झालं होतं. तपासणीत कोपराचा लिगामेंट नीट दिसला नाही, क्लबने आकडा खाली आणला, आणि करार मोडला. काळजी खोटी नव्हती, मार्च २०१५मध्ये त्याच कोपरावर शस्त्रक्रिया झाली. पण जेकब निक्सचं काय? पाचव्या फेरीतल्या या मुलाशी १५ लाखांवर ठरलं होतं, आणि ते पैसे एकनच्या पिकमधून वाचणार होते. एकन गेला तशी त्या पिकची सुमारे ७९ लाखांची अख्खी रक्कम पिशवीतून नाहीशी झाली, आणि निक्सला दिलेला शब्द क्लबने मागे घेतला. ज्या हिशेबाने मॅकलर्स मिळाला, त्याच हिशेबाखाली अठरा वर्षांचा एक निरपराध मुलगा सापडला. क्लबला भरपाईत पुढच्या वर्षीचं दुसरं पिक मिळालं, त्यातून ॲलेक्स ब्रेगमन आला. निक्सच्या पदरात त्या उन्हाळ्यात काहीच पडलं नाही. पद्धतीची तारीफ करताना हे माझ्या लेखात यायलाच हवं होतं.

एकन आणि निक्सवरचा परिच्छेद आज रात्री मूळ लेखात घालतो. कोरेयाबद्दल लिहिलेलं मात्र एक वाक्यही बदलत नाही. तिथे तुमचं काही म्हणणं असेल तर जरूर लिहा, मी वाचतो आहे.