मस्टर कोणाकडे आहे?

दर शुक्रवारी दुपारी मी मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, मजुरांचे तास भरतो. बॉस्टनमध्ये एका कंत्राटदाराकडे नोकरी करतो, सध्या एका सरकारी इमारतीचं काम चालू आहे. सुतार, लोखंडवाला, वायरमन, बिगारी: प्रत्येकाचं नाव, आठवड्याचे तास, हातात पडलेली मजुरी आणि तो राहतो कुठे, हे सगळं लिहून द्यावं लागतं. शहराची अट अशी की कामाचे ५१ टक्के तास बॉस्टनमध्ये राहणाऱ्यांचे, ४० टक्के गोरेतरांचे आणि १२ टक्के बायकांचे हवेत. १९८३ च्या नियमात हे आकडे ५०, २५ आणि १० होते. २०१७ मध्ये वाढवले. हिशेब माणसांचा नाही, तासांचा, आणि तोही प्रत्येक कसबाचा वेगळा. म्हणजे झाडलोटीला चार स्थानिक पोरं ठेवून सरासरी सांभाळता येत नाही.

परवा मामेभावाचा फोन आला. तो नाशिककडे रस्त्यांच्या कामात पोटकंत्राटं घेतो. भूमिपुत्रांना ८० टक्के नोकऱ्या, असलं कुणाचं तरी भाषण त्याने आधीच पाठवलं होतं. म्हणाला, "भूमिपुत्र सेंट्रिंगला टिकतो का? पोळ्याला गावी गेला की दिवाळीनंतरच तोंड दाखवतो." मग तुझ्याकडचे झारखंडचे मजूर कसे टिकतात, असं मी विचारलं. "त्यांना मुकादम आणतो. त्याला उचल दिली की मी मोकळा. तिथेच पत्र्याच्या खोलीत राहतात, रात्री काँक्रीट आलं तरी उठतात."

कसबाचा विषय त्याने काढलाच नाही. गावचा पोरगा संध्याकाळी घरी जातो, पगार थकला तर चार माणसं घेऊन येतो. परप्रांतीय कुठे जाणार? कंत्राटदाराला तो परवडतो तो याच लाचारीमुळे. मॅसॅच्युसेट्समध्ये सरकारी बांधकामावर प्रत्येक कसबाचा मजुरीदर ठरवून देणारा कायदा १९१४ पासून आहे. माणूस बॉस्टनचा असो की बाहेरचा, सुताराला सुताराचा दर द्यावाच लागतो. त्यामुळे स्वस्त माणूस लांबून आणून कुणाचं फारसं साधत नाही.

आपला वाद मात्र टक्क्यापाशीच अडतो. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के जागा स्थानिकांना द्याव्यात, पर्यवेक्षकांच्या ५० टक्के, असा शासन निर्णय महाराष्ट्रात २००८ सालीच निघाला. त्यात स्थानिक म्हणजे राज्यात १५ वर्षं राहिलेला. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत ७५ टक्क्यांचा कायदा केला, तो उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला. बॉस्टनची अटही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेली होती, पण १९८३ च्या निकालात टिकली. शहर स्वतःचा पैसा खर्च करून काम विकत घेतंय, मग त्याने अट घातली तर चालेल, असा साधारण त्या निकालाचा अर्थ. हा फरक मला मोलाचा वाटतो. आपण दुसऱ्याच्या कारखान्यातल्या खुर्च्या मोजत बसतो; ज्या पुलाचं बिल सरकार स्वतः भरतं, त्यावर कोण राबतंय हे फारसं कुणी विचारत नाही.

आणि इथला 'स्थानिक' जन्मावर ठरत नाही. डॉर्चेस्टर या बॉस्टनच्याच भागात राहणारा व्हिएतनामी किंवा आफ्रिकेजवळच्या केप व्हर्ड बेटांवरचा माणूस बॉस्टनकर धरला जातो. मी शेजारच्या क्विन्सीत राहतो, म्हणून या हिशेबात मी बाहेरचाच!

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. रहिवाशांचा आणि बायकांचा आकडा कितीतरी कामांवर गाठला जात नाही. मग 'प्रामाणिक प्रयत्न केले' अशी कागदपत्रं जोडायची. एकाने तर बॉस्टनचा पत्ता दाखवायला मावशीच्या घरचं लाइट बिल आणून दिलं होतं. पण आकडा चुकला की कंत्राटदाराला शहराच्या आयोगापुढे जाहीर सुनावणीत उभं राहावं लागतं. आमचे साहेब त्या सुनावणीला जेवढे घाबरतात तेवढे बर्फालाही घाबरत नाहीत.

मस्टर आपल्याला नवीन आहे असंही नाही. माझी आजी १९७२ च्या दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची. गावाजवळचं काम, गावची माणसं आणि मस्टरवर नाव. त्यात बोगस नावं असायची, मुकादमाचा अंगठाही असायचा. पण भांडायला एक कागद होता. १ ऑगस्ट २०२३ ला शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवायचं अवजड यंत्र कोसळून २० जण गेले. त्या कामावर कोण कुठून आलं होतं, हे मी नावागावानिशी पहिल्यांदा वाचलं ते मृतांच्या यादीत.

फोन ठेवताना भावाला सहज विचारलं, काल तुझ्या साइटवर किती माणसं होती, कुठकुठची?

"थांब," म्हणाला, "मुकादमाला विचारून सांगतो."