मोठ्या नंबरचा प्लग आणि घाटातली टकटक

ऊन तापायला लागलं की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो मामेभावाने पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘जुनी फियाट, अ‍ॅम्बेसिडर किंवा जीप चढावर टकटक करते? दोष आजच्या पेट्रोलचा. शिसं काढलं, इथेनॉल घातलं, दम गेला. दोन नंबर मोठा, म्हणजे थंड प्लग टाका, जमल्यास इरिडियमचा. गॅप एक मिलिमीटर ठेवा. मिस्त्रीची गरज नाही.’ खाली हात जोडलेले.

मीही हे करून बसलोय, म्हणून लिहितो. वडिलांची प्रीमियर पद्मिनी अजून माझ्याकडे आहे, स्टिअरिंगवरच्या गिअरची. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना ती वाजायला लागली. पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवावेत तसा आवाज. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बंद, दाबला की सुरू. परत आल्यावर चार नवे थंड स्पार्क प्लग टाकले. पुढच्या खेपेला त्याच वळणावर तोच आवाज. वर सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करायला लागली, ते वेगळंच.

आधी पेट्रोलचं बघू, कारण पारावर बसलेलेही हेच म्हणतात, ‘पेट्रोलमा आते दम नही राह्यना.’ देशभरातून शिशाचं पेट्रोल २००० सालापर्यंत गेलं हे खरं. पण शिसं गेलं म्हणून ऑक्टेन (पेट्रोल टकटक किती रोखतं त्याचा आकडा) घटला असं झालं नाही. तो दुसऱ्या मार्गाने भरून काढला आणि पुढे वाढवला. पूर्वी साधं पेट्रोल ८७ ऑक्टेनचं मिळायचं, नंतर ते ९१ झालं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभरच्या वर असतो, त्यामुळे २० टक्के मिसळलेलं पेट्रोल ९५ च्या घरात जातं. आपल्या जुन्या इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते, आठच्या आसपास किंवा त्याहून कमी. आजच्या छोट्या गाड्या दहा-अकराच्या कॉम्प्रेशनवर त्याच पंपाचं पेट्रोल पितात आणि वाजत नाहीत. इथेनॉलबद्दल तक्रार करायचीच असेल तर रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरच्या डायफ्रामबद्दल करा, तिथे ती रास्त आहे. कार्ब्युरेटरच्या त्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि गाडी उचलताना झटके देते, हेही मान्य. टकटक मात्र इथेनॉलने वाढत नाही, उलट दबते. शिसं गेल्याचा त्रास व्हॉल्व्ह सीटला होऊ शकतो, पण त्याचा या आवाजाशी संबंध नाही.

आता ‘दोन नंबर मोठा, म्हणजे थंड’. मेसेजमधलं हे सगळ्यात घातक वाक्य आहे. एनजीकेच्या प्लगमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड: बीपी६ईएसपेक्षा बीपी७ईएस थंड. चॅम्पियनमध्ये बरोबर उलटं: एन९वायपेक्षा एन१२वाय गरम. बॉशच्या आजच्या नंबरांतही मोठा आकडा गरमच. आणि त्याच बॉशच्या जुन्या पद्धतीत, डब्ल्यू१७५, डब्ल्यू२२५ वगैरे, मोठा आकडा थंड असायचा. आमच्याकडच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात मायकोची (बॉशच्या भारतातल्या कंपनीची) पिवळी पडलेली खोकी अजून सापडतात, त्यांवर हे तीन आकडी नंबर असतात. म्हणजे एकाच फळीवर दोन उलटे हिशेब. मेसेज वाचून कुणी चॅम्पियनचा ‘मोठा’ प्लग घेतला, तर चढावर भाजणाऱ्या इंजिनात तो अजून गरम प्लग बसवतो.

आणि बरोबर थंड प्लग मिळाला तरी काय? थंड-गरम म्हणजे प्लगचं टोक आपली उष्णता हेडकडे (सिलिंडरवरच्या झाकणाकडे) किती लवकर देतं, एवढंच. त्याने सिलिंडर थंड होत नाही. नॉकिंगमध्ये ठिणगी वेळेवर पडलेली असते, ज्योत पसरत असते, आणि कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने व उष्णतेने स्वतःच एकदम पेटतं. तो धक्का म्हणजे टकटक. प्लगच लाल होऊन ठिणगीच्या आधी मिश्रण पेटवायला लागला, तर ते वेगळं दुखणं, आणि तिथेच थंड प्लगचा उपयोग. ओळखायची एक ढोबळ खूण आहे: चावी बंद केल्यावर इंजिन दोन-चार आचके देत राहिलं तर आत काहीतरी तापून लाल झालंय, प्लग तरी नाहीतर कार्बन. माझी पद्मिनी चावी फिरवली की गपकन बंद व्हायची. हे मला प्लग घ्यायच्या आधी सुचायला हवं होतं. प्लगचं टोक साधारण साडेचारशे अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते. गरजेपेक्षा थंड प्लग तिथवर पोचत नाही आणि काळाठिक्कर पडतो. माझी सकाळची कुरकुर त्याचीच.

प्लगच्या लांबीबद्दल मेसेज एक शब्द बोलत नाही, खरं तर नंबराच्या आधी ती बघायची. अ‍ॅम्बेसिडरच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिनाला १९ मिलिमीटर आट्यांचा प्लग लागतो. जुन्या पेट्रोल जीपच्या हरिकेन इंजिनाला जेमतेम साडेनऊचा. जाडी दोन्हींची १४च, त्यामुळे चुकीचा प्लगही आटे धरतो. लांब प्लग आखूड भोकात बसवला तर उघडे आटे आत लोंबतात आणि निखाऱ्यासारखे तापतात. मग खरंच प्लगमुळे गाडी वाजते.

एक मिलिमीटर गॅप, म्हणजे ठिणगी जिथे उडते ती प्लगच्या टोकाची फट, आजच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनला ठीक. पॉइंट (ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करणारे संपर्क) आणि साध्या कॉइलच्या गाडीला ०.६ ते ०.७ पुरतो. त्याहून जास्त ठेवला तर चढावर, नेमका दाब वाढतो तेव्हा, ठिणगी उडी मारत नाही आणि गाडी मिस करते. इरिडियम टिकतं जास्त, आवाजाचं काही करत नाही.

मग माझ्या गाडीचं काय होतं? काढून ठेवलेल्या जुन्या प्लगांना चष्म्याच्या दुकानातलं भिंग लावलं. त्यांची पोर्सलिन पांढरी पडलेली, आणि तिसऱ्यावर मिरीच्या कणाहून बारीक चमकणारे ठिपके. ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून पॉइंटमध्ये फिलर गेज (फट मोजायची पट्टी) घातला तर गॅप ०.६५. पाहिजे अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मिस्त्रीला विचारलं, ‘नाना, गॅप कशाने धरता?’ त्यांनी खिशातून हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा काढला. ब्लेडची जाडी साधारण ०.६५, प्लगला अगदी बरोबर, आणि नाना त्याच ब्लेडने पॉइंटही लावायचे. पॉइंटचा गॅप वाढला की ते लवकर उघडतात, म्हणजे ठिणगी काही अंश आधी पडते. सपाट रस्त्यावर गाडी चपळ वाटते, गिऱ्हाईक खूश. घाटात ती वाजते. गॅप नीट केला, मगच हँडलने इंजिन फिरवत टेस्ट लॅम्पवर टायमिंग (ठिणगीची वेळ) धरलं. हा क्रम उलटा करू नये, गॅप हलला की टायमिंग हलतंच.

दुसरा गुन्हेगार रेडिएटर. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, आणि वर्षानुवर्षं तेच ओतलेलं. खोलून सळया घातल्या तेव्हा निम्म्या नळ्या पांढऱ्या खरपुड्याने बुजलेल्या. बाहेर ४४-४५ अंश, आत हे, मग मिश्रण स्वतःहून पेटणार नाही तर काय? तेव्हापासून डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. हेड खोलून कार्बन खरवडायची वेळ आली नाही, पण आधीचं करूनही आवाज उरला असता तर पुढचा नंबर त्याचाच होता.

मेसेजमध्ये नसलेली एक फुकटची गोष्ट: टॉप गिअरमध्ये रेटू नका. कमी फेरे आणि पूर्ण उघडा थ्रॉटल, यात मिश्रणाला पेटायला सवड मिळते. या मेमध्ये कन्नडच्या त्या वळणाआधी तिसरा टाकला, खिडकी खाली केली, कान बाहेर ठेवला. पुढच्या ट्रकचा हॉर्न तेवढा ऐकू आला. प्लग जुन्याच नंबरचे, साधे. ते चार ‘थंड’ डिकीत पाण्याच्या कॅनशेजारी पडलेत.