‘विंडोज १० बंद, कॉम्प्युटर भंगारात द्या’ : त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. खाली ‘सर्व ज्येष्ठ नागरिकांपर्यंत पोहोचवा’ आणि त्याच्याही खाली नवे कॉम्प्युटर विकणाऱ्या कुणाचा तरी नंबर. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० बंद पडलं, आता त्यावर बँकेचं काम केलं की खातं रिकामं. पाच वर्षांहून जुन्या मशीनमध्ये नवा पार्ट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली डिस्क) महिनाभर बंद राहिली की सगळा डेटा उडतो. टीपीएम चिप नसेल तर मशीन हॅक झालेलंच समजा. तेव्हा फॉरमॅट मारा, भंगारवाल्याला द्या आणि नवं घ्या.

चरईत राहणाऱ्या माझ्या मामांनी तो वाचला आणि त्याच दिवशी भंगारवाल्याला बोलावलं. मामा सोसायटीचे खजिनदार आहेत. त्या मशीनवर सगळ्या सभासदांची पॅन आणि आधार कार्डं स्कॅन करून ठेवलेली, भाडेकरूंचे करार, देखभाल खर्चाचे जुने हिशेब. मामीने मला फोन केला नसता तर हे सगळं पाचशे रुपयांत घराबाहेर गेलं असतं.

म्हणून शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो. खरं नुकसान तिथेच आहे.

‘फॉरमॅट मारा आणि भंगारवाल्याला द्या.’ नका देऊ. विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून फॉरमॅट म्हटलं की ‘क्विक फॉरमॅट’च्या चौकोनात आधीपासून टिक असते. तशा फॉरमॅटमध्ये कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे याची नोंद तेवढी पुसली जाते. फाइल जिथल्या तिथे राहते, तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. फोटोरेकसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर लावून ती कुणीही परत काढू शकतो, त्यासाठी हॅकर असावं लागत नाही. रीसायकल बिन रिकामा करून तर त्याहून कमी होतं. आणि हा सल्ला ज्येष्ठ नागरिकांना दिला जातोय, ज्यांच्या मशीनवर पेन्शनची कागदपत्रं, बँकेची स्टेटमेंट आणि घरातल्या सगळ्यांची ओळखपत्रं असतात! खातं रिकामं होण्याची भीती घालायची आणि त्याच मेसेजमध्ये खात्याची माहिती अनोळखी माणसाच्या हातगाडीवर ठेवायला सांगायची, याचा मला मनापासून राग आला आहे.

मग करायचं काय? मशीन द्यायचंच असेल तर डिस्क आधी बाहेर काढा. डेस्कटॉपची बाजूची पत्र्याची झडप उघडली की ती समोर दिसते. चार स्क्रू आणि दोन केबल, बस्स. डिस्कसकट द्यायचं असेल तर जी डिस्क पुसायची ती दुसऱ्या मशीनला जोडा, त्या ‘क्विक फॉरमॅट’ची टिक काढा आणि पूर्ण फॉरमॅट होऊ द्या. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅटमध्ये सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. मोठ्या डिस्कला काही तास लागतात, लागू द्या. एसएसडीचं गणित वेगळं आहे, तिच्यासाठी बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं पुसण्याचं सॉफ्टवेअर वापरा.

‘१४ ऑक्टोबरला विंडोज १० बंद पडलं.’ तारीख खरी, अर्थ खोटा. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने नेहमीची मोफत अपडेट देणं थांबवलं. मशीन सुरू होतं, चालतं, छापतं. धोका आहे तो असा की पुढे सापडणाऱ्या सुरक्षेच्या भोकांना ठिगळं मिळत नाहीत आणि हा धोका महिन्यागणिक वाढतो. तो मी नाकारत नाही. पण मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर विस्तारित सुरक्षा अपडेटचं पान आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते एकदा उघडलं असतं तर हा मेसेज लिहिताच आला नसता. घरगुती मशीनना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट मिळण्याची सोय तिथे दिली आहे. अट एवढीच की विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात सुरू केला तर वेगळे पैसे नाहीत; नाहीतर ३० डॉलर, किंवा मायक्रोसॉफ्टच्या बक्षीस योजनेचे १००० गुण. नावनोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते. मामांची मी तशीच केली. बाहेर कुठे जावं लागलं नाही, कुणाला पैसे द्यावे लागले नाहीत.

राहिली बँक. ओटीपी विचारणारा फोन, वीज तोडण्याची धमकी देणारी लिंक, स्क्रीन शेअर करायला लावणारं अ‍ॅप, खाती रिकामी होतात ती बहुधा या वाटांनी. नवं मशीन घेतलं म्हणून यातली एकही वाट बुजत नाही.

‘पाच वर्षांहून जुन्या मशीनमध्ये पार्ट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.’ मामांचं मशीन इंटेलच्या सहाव्या पिढीचं, म्हणजे २०१५ साली बाजारात आलेल्या प्रोसेसरचं. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचं की मामा बटण दाबून चहा टाकायला जायचे. त्यात प्रोसेसरचा काही दोष नव्हता, दोष हार्डडिस्कचा होता. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक हात तिच्यावर पुढेमागे सरकत वाचतो. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्डडिस्क आणली, तेव्हाही तत्त्व हेच होतं. आजची घरगुती डिस्क मिनिटाला ७२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती जागा हाताखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद, आणि हात तिथवर सरकायला आणखी आठ-नऊ. विखुरलेल्या छोट्या फाइली असतील तर सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत. आणि विंडोज सुरू होताना लागतात त्या नेमक्या अशाच, हजारोंनी. एसएसडीत फिरणारं, सरकणारं काही नसतं. हार्डडिस्कला लागते त्याच साध्या साटा केबलवर चालणारी एसएसडीसुद्धा असली वाचनं सेकंदाला हजारोंनी करते. जुन्या मशीनमध्ये खरोखर जुनं झालेलं तंत्रज्ञान कोणतं असेल तर ते हे. ते बदला, बाकीचं मशीन राहू द्या.

गोखले रोडच्या आसपास किंवा स्टेशनजवळ कुणीही बरा दुरुस्तीवाला जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उतरवून देतो. पार्ट स्वतः निवडायचे असतील तर मुंबईतला कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड आहेच. रॅम ४ जीबी असेल तर ८ करून घ्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महाग झाल्या आहेत हे खरं, पण त्यासाठी अख्खं मशीन नवं घ्यायचं कारण नाही. नव्या मशीनच्या किमतीतही हीच महागाई धरलेली असते.

मदरबोर्डच जळला असेल, किंवा मशीन विंडोज ७ च्या काळातलं आणि रॅम २ जीबी असेल, तर मीही पैसे घालू नका असंच सांगेन.

‘एसएसडीतला डेटा महिनाभरात उडतो.’ यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागतं. एसएसडी माहिती विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवते आणि वीज नसताना तो भार हळूहळू गळतो. पण किती हळू? घरगुती एसएसडीसाठी जेडेक या चिपांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक असं: लिहिण्याची ठरलेली सगळी क्षमता वापरून झाल्यावरही, ३० अंश तापमानात, वीज न देता १ वर्ष डेटा टिकला पाहिजे. म्हणजे पार झिजलेल्या एसएसडीची ही गोष्ट. मे महिन्यात गावाला गेलात म्हणून परत आल्यावर काही उडालेलं नसेल. एवढं मात्र करा, लग्नाचे फोटो एसएसडीवर टाकून ती वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका. त्यासाठी काढलेली जुनी हार्डडिस्क चांगली. ती बाहेरच्या केसमध्ये घातली की यूएसबीवर चालते, आणि मामांचे सोसायटीचे हिशेब आता तसेच दोन जागी आहेत.

‘टीपीएम नाही म्हणजे हॅक झालंय.’ निव्वळ बडबड. टीपीएम म्हणजे कुलपाच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारी सोय. बऱ्याच मशीनमध्ये ती प्रोसेसरबरोबरच येते आणि फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असते. इंटेल तिला पीटीटी म्हणतं, एएमडी एफटीपीएम. विंडोज १० नंतरच्या विंडोज ११ ला ही सोय लागते, म्हणून तिची चर्चा. मामांच्या मशीनमध्ये ती निघाली. तरीही त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, कारण इंटेलच्या बाबतीत मायक्रोसॉफ्टची अट जवळजवळ सगळीकडे आठव्या पिढीपासून पुढची आहे.

मग २०२६ च्या ऑक्टोबरनंतर? ब्राउझर, ई-मेल, पत्रं, साधे तक्ते एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट मोफत आहे आणि ४ जीबी रॅमवर नीट चालतं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा डिजिटल सहीचं डोंगल (यूएसबीला लावायची किल्ली) वापरत असाल तर लिनक्सच्या नादी लागू नका, तोपर्यंत आठव्या पिढीचं किंवा पुढचं वापरलेलं मशीन शोधा आणि तुमची एसएसडी त्यात टाका.

आणि ज्यांना खोकं खरंच घराबाहेर काढायचंय त्यांच्यासाठी. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कॉम्प्युटर हा त्यात येणारा माल आहे आणि तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे गेला पाहिजे. अशांची नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर होते. हातगाडीवरून गेलेल्या मशीनच्या वायरी पुष्कळदा तांब्यासाठी उघड्यावर जाळल्या जातात. पीव्हीसी जळताना डायॉक्सिन तयार होतात आणि ती हवा आपल्याच खाडीकाठच्या वस्त्यांमधली माणसं घेतात. सोसायटीत पाच-सहा जणांची मशीनं एकत्र जमवली तर नोंदणीकृत माणसाला बोलावणं सोपं जातं. येणाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागा, पोर्टलवर ताडून बघा, मशीनं गेल्याची पावती सोसायटीच्या नावाने घ्या. डिस्क मात्र त्याआधीच काढलेल्या असू देत.